सुधारणा क्रमांक एक

"कॅबिनेटची आतली उंची लिहिलेली नाहीस," बाबा म्हणाले.

एवढं वाक्य पूर्ण व्हायला त्या दिवसांत त्यांना पाऊण मिनिट लागायचं. मी थांबले. डोंगरे मॅडमनी आम्हाला एकच नियम घालून दिला होता: बाबांचं वाक्य तुम्ही पूर्ण करायचं नाही, कितीही वेळ लागू दे. डोंगरे मॅडम वाचा सुधारण्याचे उपचार करायच्या, पण बाबांच्या बाबतीत सुधारणा हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा एकेक करून बंद पडण्याचा तो आजार होता. डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहणार, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते त्यांनी दिलासा म्हणून सांगितलं असावं.

"उंची कशाला हवी?" मी विचारलं.

"पंखा. प्रोसेसरवरचा. झाकण लागलं... पाहिजे."

मी वेबसाइटवर शोधून आकडा सांगितला. बाबांनी तो आलेख कागदावर लिहिला. अक्षर अजून सुबक होतं, फक्त एक आकडा लिहायला मनगट दोनदा टेकवावं लागायचं.

बाबा पाटबंधारे खात्यात आरेखक होते. भालचंद्र ठोंबरे, सातारा. चौतीस वर्षं त्यांनी कालव्यांचे, पुलांचे, दरवाजांचे नकाशे काढले. प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात तीन चौकटी असायच्या: काढले, तपासले, मंजूर. ज्यानं काढलं त्यानं तपासायचं नाही, हा खात्याचा नियम त्यांनी घरीही चालवला. मी पाचवीत असल्यापासून दिवाळीच्या सामानाच्या यादीवर 'तपासले'च्या चौकटीत माझी सही असे. एकदा मी सही करायची विसरले आणि दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाची तारीख घालून केली. त्यांनी ती यादी फाडली नाही, रागावलेही नाहीत. "सही करशील त्या दिवसाची तारीख घालायची. मागची घातलीस तर सही खोटी होते," एवढंच म्हणाले.

आता ते संगणकाचा नकाशा काढत होते.

त्याचं कारण म्हणजे एक कॅमेरा. बोटभर लांबीची काळी पट्टी. ती पडद्याखाली बसवली की माणूस कुठल्या अक्षराकडे बघतोय ते तिला कळतं, आणि ते अक्षर उमटतं. वाक्य झालं की यंत्र ते मोठ्यानं म्हणतं. पुण्याच्या एका संस्थेनं ती पट्टी डोंगरे मॅडमच्या शब्दावर आम्हाला सहा आठवड्यांसाठी उसनी दिली होती. पुढे सांगलीचे एक गृहस्थ नंबर लावून बसले होते. या सहा आठवड्यांत बाबांना ते जमलं, तर संस्था कायमची पट्टी मिळवून देणार होती. मॅडमनी बजावलं होतं, "हात आणि तोंड थोडं तरी चालतंय तोवरच शिकून घ्या. अडलं तर त्यांना सांगता आलं पाहिजे, काय अडलंय ते."

घरातला जुना संगणक ती पट्टी ओळखतच नव्हता. माझा लॅपटॉप त्याहून जुना. नवा घ्यायचा तर आमच्याकडे चाळीस हजार होते, आणि चाळिसात हवा तसा लॅपटॉप त्या वर्षी मिळत नव्हता.

"जोडून घेऊ," बाबा म्हणाले होते. "एक भाग गेला... तर तेवढाच बदलता येतो."

आई तेव्हा ताक घुसळत होती. तिचा हात थांबला नाही.

तर त्या आठवड्यात आम्ही रोज संध्याकाळी ड्रॉइंग बोर्डाशी बसायचो. मी कॉलेजच्या लायब्ररीतून आले की लॅपटॉप उघडायची, बाबा पेन्सिल घ्यायचे. हा मदरबोर्ड त्या प्रोसेसरला चालतो का, ही रॅम त्या बोर्डाला चालते का, सगळ्यांना मिळून वीज किती लागेल. बाबांनी प्रत्येक भागाला एक चौकोन दिला होता आणि जे एकमेकांशी जुळतात त्यांच्यामध्ये रेघ ओढली होती.

"माझ्या वेळी एवढ्या पत्रिका बघितल्या नव्हत्या यांनी," आई म्हणाली.

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. "तिथेच... चुकलं."

आई इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. बाबाही हसले. ते हसताना तोंड मिटायला वेळ लागायचा, म्हणून मी रुमाल पुढे केला.

"एसएमपीएस जरा स्वस्तातला बघू का?" मी म्हटलं. "वीजच तर पुरवायची आहे."

"नाही. पाया आहे तो."

"बाबा, धरण नाही बांधत आपण."

"धरण सोपं," ते म्हणाले. "माती... कुठेही बसते."

पैसे वाचले ते प्रोसेसरमध्ये. एकाच नावाच्या, एकाच वेगाच्या दोन प्रकारांपैकी एक तीन हजारांनी स्वस्त होता. दोघांनाही तो लागलीच आवडला. वाचलेले पैसे रॅमला लावले.

गुरुवारी संध्याकाळी कागद पूर्ण झाला. बाबांनी 'काढले'मध्ये सही केली. मी यादी वरून खाली वाचली, 'तपासले'मध्ये सही केली, तारीख घातली आणि मोबाइलवर फोटो काढून घेतला. 'मंजूर'च्या चौकटीत आईनं सही करावी असं बाबांनी खुणेनं सांगितलं. "मला काय कळतंय त्यातलं," म्हणत तिनं पूर्ण नाव लिहिलं, ते चौकटीच्या बाहेर गेलं.

शुक्रवारी लायब्ररीत पुस्तकांची मोजदाद होती. घरी यायला आठ वाजले. डोकं दुखत होतं, कपड्यांना जुन्या पुस्तकांची धूळ लागली होती. बाबा बाहेरच्या खोलीत बोर्डाशी होते, आई शेजारी उभी राहून त्यांच्यासाठी मोजपट्टी धरून होती. मला बघताच त्यांनी बोट वर केलं.

"बाबा, आज नको हं," मी म्हटलं. "सकाळी पाच पन्नासची गाडी धरायचीय. काय असेल ते उद्या आल्यावर बोलू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बोर्डावर बोटानं दोनदा टकटक केलं. इथे बस म्हणताहेत असं मला वाटलं.

"उद्या," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली.

सकाळी ते झोपले होते. त्यांची झोप मोडू नये म्हणून मी बाहेरच्या खोलीतला दिवा न लावताच चपला घातल्या. आईनं डबा दिला आणि मी निघाले.

दुकान पुण्यात एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर होतं. मालक ओसवाल, चाळिशीचे, दोन्ही कानांशी दोन फोन. मी मोबाइलवरचा फोटो पुढे धरला. त्यांनी फोन बाजूला ठेवले आणि तो बोटांनी मोठा करून पाहिला.

"हे कोणी काढलं, ताई?"

"माझ्या वडिलांनी."

"इंजिनीअर आहेत?"

"आरेखक."

"बघ रे," ते आतल्या माणसाला म्हणाले, "याला म्हणतात ऑर्डर. नाहीतर लोक येतात, म्हणतात भारीतला द्या." मग यादीवरून बोट फिरवत म्हणाले, "ग्राफिक्स कार्ड घरचं आहे ना?"

"यादीत आहे तेवढंच हवंय."

"नाही, विचारलं. लोकांकडे असतं जुनं."

"आमची यादी तपासलेली आहे," मी म्हटलं. हे वाक्य मी कसं म्हटलं तेही मला आठवतं. जरा हनुवटी उचलून.

"मग काही प्रश्नच नाही."

ते एकेक खोका काउंटरवर मांडत होते तेव्हा घरून फोन आला. आई होती.

"अगं, हे काहीतरी सांगताहेत. सकाळपासून चाललंय. हात भरून आलाय, पाटीवरही लिहवत नाहीये, आणि बोलणं मला उमगत नाहीये. तूच ऐक." मग फोन बाबांच्या कानाशी गेला. त्यांचा श्वास ऐकू आला.

"बाबा, बोला."

"न..." ते म्हणाले. मग बराच वेळ नुसता घशातला आवाज. फोनवर त्यांचं तोंड दिसत नव्हतं, आणि तोंड दिसल्याशिवाय त्यांचं बोलणं मलाही नीट लागत नसे. "न... प्रो..."

"प्रोसेसर? घेतला. यादीप्रमाणेच घेतेय सगळं."

"न..."

"ताई," ओसवाल म्हणाले, "प्रोसेसर बोर्डावर आमचा माणूस बसवून देईल. पिना नाजूक असतात, घरी वाकल्या तर बोर्ड गेला. पण सील फोडलं की माल परत घेत नाही कंपनी. बघून घ्या एकदा."

फोनवर बाबा अजून त्याच अक्षरावर होते. माझ्यामागे दोन गिऱ्हाइकं उभी होती.

"हो हो, कळलं, बाबा," मी म्हटलं. "काळजी करू नका. ठेवते." आणि ओसवालांना म्हटलं, "फोडा."

फोन पुन्हा वाजला. मी तो पर्समध्ये ठेवला. गाडीत बसल्यावर घरी लावला, तेव्हा आई म्हणाली, "घेतलंस का सगळं, विचारताहेत."

"हो. प्रोसेसर बसवूनही दिलाय."

आईनं ते बाबांना मोठ्यानं सांगितलं.

"काय म्हणताहेत?"

"काही नाही. बरं, म्हणताहेत. जपून ये."

संध्याकाळी मी खोके त्यांच्यासमोर उघडले. त्यांनी बोर्ड मांडीवर ठेवायला लावला. प्रोसेसर जागेवर बसला होता, वरून पकड लावलेली होती. ते पकडीवरून बोट फिरवत राहिले.

"सील... फोडलं?"

"त्यांनीच बसवून दिला. चांगलं झालं ना?"

"हो," ते म्हणाले. हा शब्द अगदी स्वच्छ आला.

रविवार पूर्ण त्यात गेला. तो दिवस मी अजून कोणाला नीट सांगू शकलेले नाही. बाबा खुर्चीत, मी फरशीवर, आई मध्येच डोकावून जाणारी. स्क्रू कुठला आधी आवळायचा हे ते पेन्सिलीच्या टोकानं दाखवायचे. समोरासमोरचे आधी, मग उरलेले. पुलाच्या पट्ट्यांनाही तसंच करतात म्हणे. रॅम बसताना टक्क वाजली तेव्हा त्यांनी भुवया उंचावल्या. वायरींचे जुडगे मी कसेही कोंबले होते, ते त्यांनी सोडायला लावून पुन्हा बांधायला लावले.

"झाकणाआड कोण बघणारे?" मी म्हटलं.

"मी," ते म्हणाले.

दुपारी ते दोन वाट्या आमटी-भात जेवले. आईनं मला डोळ्यांनी खूण केली, बघ, म्हणून. चार वाजता झाकण बसलं. पंख्याच्या वर बोटभर जागा उरली. कागदावर होती तेवढीच.

मी बटण दाबलं. पंखे फिरले. बोर्डावर एक हिरवा दिवा लागला. पडदा काळाच.

मी वायर काढून पुन्हा लावली. दुसरी वायर लावली. रॅम काढून बसवली. पडदा शेजारच्यांकडे नेऊन त्यांच्या संगणकाला जोडून पाहिला, तिथे चित्र आलं. पाच वाजले, सहा वाजले. आत सगळं चालू होतं. हात लावला की ऊब लागत होती.

मी घामानं निथळत होते तेव्हा बाबांनी पाटी मागितली. बोलणं लागत नसलं की ते मुलांच्या पाटीवर लिहायचे. त्यांनी लिहिलं: माझी चूक. प्रोसेसर चुकीचा लिहिला. याला पडद्याची सोय नाही. वेगळं कार्ड लागतं.

मी पाटी दोनदा वाचली.

मग मी जे बोलले ते असं: "बाबा, तुम्ही? तीन हजार वाचवायला? झाकणाची उंची मिलिमीटरमध्ये मागता आणि चित्र येणार की नाही हे बघत नाही? आयुष्यभर लोकांच्या नकाशातल्या चुका काढल्यात!"

"मंजू," आई म्हणाली.

"नाही, मला कळू दे. पस्तीस दिवस उरलेत आपल्याकडे. पस्तीस!"

'तपासले'मध्ये माझीही सही होती, हे मला आठवत होतं. ते मी बोलले नाही. बाबांनी पाटीवरच्या पहिल्या दोन शब्दांभोवती खडूनं गोल काढला आणि पाटी माझ्याकडे फिरवून धरली. मी ती घेतली आणि भिंतीला उलटी टेकवून ठेवली.

त्या वर्षी ग्राफिक्स कार्डांचा दुष्काळ होता. का होता याची कारणं मी तेव्हा पाठ केली होती, आता त्यांचा उपयोग नाही. मी रोज ओसवालांना फोन करायची. "ताई, बाजारात मालच नाही. येतो तो तिपटीनं जातो." दुसरा प्रोसेसर घ्यावा तर त्याच आठवड्यात बाबांना श्वासाचं यंत्र भाड्यानं आणावं लागलं, उरलेसुरले त्यात गेले. साताऱ्यातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे जुनं कार्ड मिळालं, ते बोर्डात बसेना. लायब्ररीतल्या संगणकांची मी झाकणं उघडून पाहिली. एकातही कार्ड नव्हतं.

पट्टी घरी आल्याच्या दहाव्या दिवसापासून बाबांचे शब्द मला तोंड बघूनही लागेनासे झाले. पंधराव्या दिवशी पाटी गेली, खडू बोटांत राहीना. मग आम्ही अक्षरांचा तक्ता केला. मी बोट फिरवायची, अक्षर आलं की ते डोळे मिटायचे. एका संध्याकाळी अर्धा तास लागून त्यांनी 'दार' असा शब्द केला. मी दार उघडलं, त्यांनी डोळे मिटले नाहीत. लावलं, तरी नाही. आईनं खिडकी उघडून पाहिली. नंतर त्यांनी आमच्याकडे बघणंच बंद केलं, रागानं नव्हे, आम्हाला सोडवायला. दार म्हणजे काय हे आम्हाला कधीच कळलं नाही.

तेविसाव्या दिवशी ओसवालांचा फोन आला. एका ऑफिसनं मोडीत काढलेल्या यंत्रांतून त्यांनी एक कार्ड काढून ठेवलं होतं. "पैसे नकोत, ताई. घेऊन जा फक्त." मी गेले आणि त्याच संध्याकाळी आले. कार्ड बसलं. बटण दाबल्यावर पडदा उजळला. आई हात जोडून उभी राहिली.

बाबांना दोन दिवसांपासून ताप होता, छातीत कफ साठला होता. तरी मी खुर्ची पडद्यासमोर आणली आणि काळी पट्टी लावली. आधी पट्टीला डोळ्यांची ओळख करून द्यावी लागते. पडद्यावर एकामागून एक नऊ ठिपके येतात, प्रत्येकाकडे क्षणभर बघायचं.

"बाबा, डावीकडे वर. हां. आता मधला."

पाच ठिपके त्यांनी बघितले. सहावा बराच वेळ पडद्यावर थांबून राहिला.

"बाबा."

डोळे मिटलेले होते. झोप लागली होती, नुसती झोप. दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात हलवलं. तिथून ते घरी आले नाहीत. काळी पट्टी मी मुदतीच्या बारा दिवस आधी कुरिअरनं सांगलीला पाठवली.

याला पाच वर्षं झाली. या पाच वर्षांत मी ही गोष्ट काही लोकांना सांगितली आहे. सांगताना मी वडिलांना सांभाळूनच घेत असे. आजारी होते, नजरचुकीनं झालं, माझीही सही होती, असं. ऐकणारे मान हलवत. मोठ्या मनानं क्षमा केल्यासारखं मलाही वाटत असे.

मागच्या महिन्यात आईनं ड्रॉइंग बोर्ड एका शाळेला द्यायचं ठरवलं. बोर्डाखाली नकाशे ठेवायची पत्र्याची नळी होती. ती रिकामी करताना आतून दोन कागद निघाले. एक आमच्या तिघांच्या सह्यांचा, गुरुवारचा. त्यावर तिरका, लाल शिक्का होता: रद्द. बाबांचा ऑफिसातला शिक्का. निवृत्त होताना तेवढा एक त्यांनी मागून आणला होता.

दुसरा कागद तोच नकाशा होता, पुन्हा काढलेला. रेघा हलल्या होत्या, काही आईनं मोजपट्टी धरल्यावर ओढलेल्या असाव्यात. प्रोसेसरच्या चौकोनात दुसराच क्रमांक होता, आणि एसएमपीएसचा चौकोन न हलवता बाकीकडून तीन हजार कमी केलेले होते. कोपऱ्यात वर एक छोटा तक्ता. सुधारणा क्रमांक १. प्रोसेसर बदलला. आधीच्यास पडद्याची सोय नाही. जुन्या प्रतीवरून खरेदी करू नये.

तारीख शुक्रवारची होती.

मी फरशीवर बसले. बोर्डावरची टकटक मला आत्ता ऐकू येत होती. साइटवर जायचं तर आधी बोर्डावरून ताजा कागद उचलायचा, खिशातल्या जुन्या प्रतीवर जायचं नाही. हे मला माहीत होतं. जुन्या प्रतीवर बांधलेल्या आणि मग फोडाव्या लागलेल्या एका पुलाची गोष्ट मी लहानपणी त्यांच्या मांडीवर ऐकली होती.

"आई, हे तू ठेवलंस?"

ती पातेली पुसत दारात आली. कागद बघितला.

"यांनीच ठेवायला लावला. तू सामान घेऊन आलीस ना, त्याच्या आधी. गाडीतून तुझा फोन आला, त्यानंतर लगेच."

"काय म्हणाले?"

"म्हणणार काय, सकाळपासून बोलून थकले होते. पाटीवर कसंबसं लिहिलं, मंजूला दाखवू नको. मी म्हटलं, का हो? तर पुसून टाकलं."

"मग तू मला सांगितलं का नाहीस? मी त्यांना एवढं बोलले, तू तिथेच होतीस."

"मला त्यातलं काय कळतंय, मंजू," ती म्हणाली. "मला वाटलं, काहीतरी चुकलेला कागद असेल."

ती परत आत गेली. पातेली एकात एक ठेवल्याचा आवाज येत राहिला.

कागदाच्या उजव्या कोपऱ्यात तीन चौकटी आहेत. 'काढले'मध्ये भा. ठोंबरे, अक्षर उतरतं. 'मंजूर'मध्ये आईचं पूर्ण नाव, चौकटीच्या बाहेर गेलेलं. मधली चौकट रिकामी आहे. मी पेन्सिल घेतली, यादी वरून खाली वाचली, प्रत्येक रेघ तपासली. सगळं जुळत होतं.

सही करता आली असती. पण तारीख आजची घालावी लागली असती.